खुणेच्या चिठ्ठ्या

यशश्रीने पितळी डब्यातून चिठ्ठी काढली, उघडली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मान ताठ करून कासवाचा श्लोक म्हटला. चारही चरण स्वच्छ, श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेतलेला. आठ वर्षांची पोर, पण आवाज असा खणखणीत की गच्चीवर बसलेल्या बाकीच्या मुलांची चुळबुळ थांबली. विनताकाकूंनी कौतुकाने हात पुढे करून चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर दिव्याच्या श्लोकाचे पहिले दोन शब्द होते.

“काय ग हे? चिठ्ठीत दिवा आहे, तू कासव काहून म्हटलं?”

यशश्री खोकली. “चुकलं, आजी.”

काकूंनी तिला दुसरी चिठ्ठी काढायला लावली. तिच्यावर नदीचा श्लोक होता, आणि यशश्रीने मोराचा म्हटला, तोही बिनचूक. श्लोकांना ही नावं पोरांनीच ठेवली होती, त्यामुळे घोटाळा सगळ्यांच्या लगेच लक्षात आला आणि सगळी फिदीफिदी हसायला लागली. काकूंचं डोकं तडकलं. रविवारी राइट टाउनमधल्या शाळेत कार्यक्रम, आज सोमवार, आणि वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीला थट्टा सुचत होती. त्यांनी तिला कोपऱ्यात उभं केलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

विनता अंबुलकर म्हणजे जबलपूरच्या गोरखपूर बाजारामागच्या गल्लीतल्या मोठ्यांच्या काकू आणि लहानांच्या आजी. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात, त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. सुटा भाग मापात बसला तर शिक्का, नाही बसला तर बाजूला, यात त्यांनी कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांना कळून चुकलं की घरात तपासण्यासारखं नीलकंठरावांशिवाय काही उरलेलं नाही. आणि नीलकंठराव, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, सुधारण्याच्या पलीकडे गेलेले होते. मग काकूंनी गच्चीवर सतरंजी टाकली आणि गल्लीतल्या पोरांना संस्कृत श्लोक शिकवायला घेतले. त्याला यंदा अकरा वर्षं झाली.

शिकवण्याची रीत त्यांच्या वडिलांची, संथा देण्याची. त्यांनी एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा. एक चरण बसला की अर्धा श्लोक, अर्धा बसला की पूर्ण. पुस्तक नाही, वही नाही, फळा नाही. पुस्तक समोर आलं की मूल ऐकायचं सोडतं, असं काकूंचं ठाम मत होतं आणि त्या मताला कुणी कधी धक्का लावला नव्हता. लावणार तरी कोण? पोरं डोळ्यांदेखत सुधारत होती. दिवसभर हिंदीत वावरणाऱ्या जिभांना ण आणि ष जमायला लागले होते. दहा मिनिटं एका जागी न टिकणारी मुलं तासभर मांडी घालून बसत होती. पाहुण्यांसमोर आईच्या पदराआड लपणारी मंचावर जाऊन बोलत होती. पाढेही भराभर पाठ होतात, असं आया येऊन सांगायच्या. एवढं सगळं खरं होतं. पण काकू एवढ्यावर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. “पोराला माझ्याकडे पाठव आणि अभ्यासाची काळजी सोड,” असं त्या छातीठोकपणे सांगायच्या, आणि रविवारच्या कार्यक्रमासाठी छापलेल्या पत्रकातही त्यांनी हेच वाक्य ठळक अक्षरांत टाकलं होतं.

तो कार्यक्रम म्हणजे काकूंच्या जिवाचा विषय. राइट टाउनच्या त्या शाळेच्या समितीचे सचिव रत्नाकरजी स्वतः मराठी, पाठांतराचं कौतुक असणारे. मुलांनी पालकांसमोर चांगलं म्हणून दाखवलं, तर पुढच्या सत्रापासून शाळेच्या सभागृहात दोनशे मुलांचा वर्ग सुरू करू, असं त्यांनी कबूल केलं होतं. काकूंच्या वडिलांचा वर्ग जन्मभर ओसरीवर भरला. गच्चीवरून सभागृहात जायचं स्वप्न काकूंनी अकरा वर्षं पाहिलं होतं. चिठ्ठ्यांची कल्पनाही रत्नाकरजींचीच. मुलांनी स्वतः चिठ्ठी काढून, वाचून श्लोक म्हटला, की आधी ठरवलेलं नाही हे लोकांना पटेल, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी ते मान्य केलं. अशा रीतीने अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या वर्गात लिहिलेलं काहीतरी आलं.

वर्ग सुटताना प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर पडायची. यशश्रीने डावा हात पुढे केला.

“उजवा,” काकू म्हणाल्या.

ती हलली नाही. काकूंचा राग अजून उतरला नव्हता. त्यांनी तिचा उजवा हात पाठीमागून ओढून पुढे आणला. तळव्यावर दोन आडवे वळ होते. एक जुना, पिवळा पडत चाललेला. दुसरा ताजा.

बाकीची पोरं जिना उतरून जाईपर्यंत काकू तो हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

“कोणी मारलं?”

“पापांनी. फुटपट्टीने.”

“काहून?”

“वाचत नाही म्हणून.”

काकूंनी एका चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं, ‘बदक’. तिच्यासमोर धरलं. यशश्रीने आधी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे, आणि खोकली. त्यांनी ‘घर’ लिहिलं. ती पुन्हा खोकली.

“खोकला झाला का तुला?”

“नाही. खोकलं की टीचर पाणी पिऊन ये म्हणते. मग दुसऱ्याचा नंबर येते.”

हे तिने अगदी सरळ सांगितलं. काकू तिच्यासमोर सतरंजीवर बसल्या. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. एखाददुसरं अक्षर ओळखू येतं, तीन-चार एकत्र आली की सगळी गर्दी होते. शाळेचा धडा आई एकदा वाचून दाखवते, तेवढ्यात तो पाठ होतो. वर्गात वाचायची वेळ आली की बाजूच्या मुलीचं पाहून पान उलटायचं आणि पाठ असलेलं म्हणायचं. दुसरीपर्यंत हे निभलं. तिसरीत टीचर न शिकवलेला उतारा वाचायला देते, तो आधी कुणी वाचून दाखवत नाही. फळ्यावरचं बघून बघून लिहिता येतं, मनाने लिहिता येत नाही.

“अग, मग मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही कधी वाचायला दिलंच नाही न, आजी,” यशश्री म्हणाली.

काकूंना डिसेंबरातली संध्याकाळ आठवली. यशश्रीचा बाप गौरांग रिछाईच्या एका कारखान्यात फिटर होता. त्या दिवशी तो मुलीला न्यायला आला आणि जिन्यातच घुटमळला. शाळेतून तक्रार आली आहे, वाचत नाही म्हणतात, हिच्यात काही कमी आहे का काकू, असं त्याने विचारलं होतं. काकू हसल्या होत्या. “एकशेवीस श्लोक पाठ आहेत तिला. कमी कशाची? आळस आहे, बाकी काही नाही. जरा सक्ती कर.” गौरांगचा चेहरा एकदम उजळला होता. त्याने वाकून नमस्कार केला होता. फुटपट्टी त्याच आठवड्यात सुरू झाली असणार. बत्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून लोखंड तपासलं आणि जितंजागतं मूल समोर दीड वर्षं बसलं होतं, ते न तपासताच आपण शिक्का मारला, हे काकूंना कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“आजी, पापांना नका सांगू,” यशश्री म्हणाली. “रविवारी ते येणार आहेत. तिथे वाचता नाही आलं तर होस्टेलला टाकतो म्हणून राहिले. फॉर्म पण आणला आहे. तिथे सगळे सुधरतात म्हणतात.”

काकू हातातली चिठ्ठी डब्यात ठेवायला लागल्या.

“चिठ्ठीला खूण करा न. दिव्याला ठिपका, नदीला लाट. मी एकदा पाहिलं की मला याद राहते.”

उपाय तिने इतक्या चटकन सुचवला की या कामात ती किती मुरलेली आहे ते काकूंना समजलं. आठ वर्षांच्या मुलीला हे सगळं एकटीने करावं लागलं, याचं त्यांना रडू आलं. ते त्यांनी गिळलं, आणि मान डोलावली.

संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलाशी चिठ्ठ्या घेऊन बसल्या. वीस चिठ्ठ्या, वीस खुणा. ठिपका, लाट, दुमडलेला कोपरा, बारीक फुली. रविवार एकदा जाऊ द्यावा, मग गौरांगला सवडीने समजवावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आत्ता सांगितलं तर तो ऐकून घेणार नाही, पोरीला होस्टेलला टाकेल. हे कारण खोटं नव्हतं. पण ते एकटंच कारण होतं असंही नाही.

नीलकंठराव पाणी प्यायला आले आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागले. “हे काय नवीन? चित्रकला?”

काकूंनी सांगितलं. सांगताना आवाज करडा ठेवला.

नीलकंठरावांनी पेला खाली ठेवला. “जन्मभर दुसऱ्याची चूक सोडली नाही तू. मग आता काहून खोटं करून राहिली?”

“पोरीसाठी.”

“पोरीसाठी, की दोनशे पोरांसाठी?”

काकूंनी पुढची चिठ्ठी ओढली. नीलकंठराव जन्मात एखादाच नेमका प्रश्न विचारायचे, आणि तोही चुकीच्या वेळी.

मंगळवारी आणि बुधवारी इतर मुलं गेल्यावर त्यांनी यशश्रीला थांबवून घेतलं. वीस खुणा तिने एका बैठकीत पाठ केल्या. दुसऱ्या दिवशी तर ती चिठ्ठीवर बोट फिरवून, ओठ हलवून वाचल्याचं सोंगही करायला लागली. इतकं हुबेहूब, की काकूंनाच क्षणभर वाटलं, वाचते आहे. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचाच राग आला. दर वेळी जिना वाजला की त्या चिठ्ठ्या पदराखाली घ्यायच्या. रविवार लवकर यावा असंही वाटायचं, येऊच नये असंही.

गुरुवारी रत्नाकरजी तालीम बघायला आले. गच्चीवर त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची टाकली, चहा दिला. पाच मुलांनी चिठ्ठ्या काढल्या, वाचल्या, श्लोक म्हटले. एक मुलगा मध्ये अडखळला, पण सावरला. शेवटी यशश्री उठली. तिने चिठ्ठी काढली, बोट फिरवलं, पहिले दोन शब्द खणखणीत वाचले आणि श्लोक म्हटला. मग दुसरी, तिसरी, चौथी. रत्नाकरजींचा चहा कपातच राहिला.

“वा, ताई,” ते म्हणाले. “रविवारी हिलाच शेवटी ठेवा. समिती दुसरं काही विचारणारच नाही.”

काकूंनी वळून पाहिलं तर जिन्याच्या दारात गौरांग उभा होता. कारखान्यातून थेट आलेला, हातात हेल्मेट. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, अगदी लहान मुलासारखा निखळ. मग तो आनंद हळूहळू आटला.

“वाचते तू,” तो पुढे येत म्हणाला. “एकदम फर्राटे से वाचते. मग दीड महिना घरी काय नाटक लावलं होतं?”

यशश्रीने हातातली चिठ्ठी दुमडली.

“मी इकडे पागल होऊन राहिलो, मम्मी रडून राहिली, आणि तू मजा पाहते आमची?” त्याने तिचं मनगट धरलं. “चल. आज पूर्ण पुस्तक वाचायचं, पहिल्या पानापासून. बघतोच मी.”

यशश्रीने हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. ती खोकली नाही, रडली नाही, आजींनी खुणा केल्या असंही म्हणाली नाही. तिने फक्त एकदा काकूंकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार असती तर काकूंना सोसली असती. पण या पोरीने त्यांना वाचवायचं ठरवलं होतं. चार पावलांवर रत्नाकरजी खूश होऊन बसले होते. तोंड बंद ठेवलं की रविवार पक्का होता, आणि तोंड बंद ठेवलं की ही पोर आत्ता घरी जाऊन मार खाणार होती.

“गौरांग, हात सोड तिचा,” काकू म्हणाल्या. “तिने वाचलं नाही. चिठ्ठ्यांना मी खुणा केल्या आहेत.”

“तुम्ही तिला पाठीशी घालून राहिल्या, काकू.”

“घालते आहे. पण खोटं बोलून नाही.”

पोरीला पुन्हा परीक्षेला उभं करायचं नाही, एवढं त्यांच्या मनाने पक्कं घेतलं होतं. त्यांनी बाकीच्या मुलांना खाली पिटाळलं, पितळी डबा उचलला आणि वीसही चिठ्ठ्या गौरांगसमोर सतरंजीवर उलगडून मांडल्या. दिव्यापाशी ठिपका, नदीपाशी लाट, कासवाला दुमडलेला कोपरा. गौरांग उकिडवा बसला. रत्नाकरजी खुर्चीतून वाकले. काकूंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. तो खोकला, ती गर्दी होणारी अक्षरं, सोमवारच्या चुकलेल्या चिठ्ठ्या, आणि खुणा कुणी सुचवल्या हे वगळून पुढचं सगळं.

“हा आळस नाही,” त्या म्हणाल्या. “मी तुला आळस म्हणाले, ती माझी चूक. तिचं पाठांतर पाहून मी बोलले. अकरा वर्षांत एका पोरासमोर अक्षर ठेवून पाहिलं नाही मी.”

रत्नाकरजींनी कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांची निमंत्रणं वाटून झाली होती. “ताई, एका मुलीचा प्रश्न आहे. बाकी पाच उत्तम आहेत. हिला रविवारी बसवू नका, झालं. बाहेर कुणाला कळायचं काही कारण नाही.”

“पत्रकात मी छापलं आहे, अभ्यासाची काळजी सोडा म्हणून.”

“तसं सगळेच छापतात.”

“ते खरं नाही, रत्नाकरजी. श्लोकांनी पोरांचं भलं होतं, ते मी कुठेही उभी राहून सांगेन. पण तेवढ्याने मूल तपासलं असं होत नाही. हे पत्रक मी वाटू देणार नाही.”

“मग समितीला मी काय सांगू?”

“सांगा, बाईंनी तपासलं नव्हतं.”

रत्नाकरजी उठले. “अच्छा, फिर देखते हैं,” असं म्हणून त्यांनी हात जोडले. जबलपुरात याचा अर्थ काय होतो ते काकूंना चांगलं ठाऊक होतं. जिन्यातून त्यांची पावलं उतरत गेली आणि त्यांच्याबरोबर ते सभागृहही गेलं. काकूंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्या काही साधू नव्हत्या.

गौरांग अजून तसाच उकिडवा होता. आता हा भडकणार, आपल्यावर ओरडणार, पोरीवर हात टाकणार, असं वाटून काकू यशश्रीच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

“मला माहीत होतं, काकू,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“हेच. हिचं.” तो चिठ्ठ्यांकडेच बघत होता. “मी असाच होतो. माझ्या बाबांनी पट्ट्याने वाचायला शिकवलं. दहावीला दोनदा बसलो. आजही बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचतो. कारखान्यात नोटीस लागली की बाजूवाल्याला म्हणतो, भैया, चष्मा विसरलो, जरा वाच न. चष्मा नाहीच मला.”

काकूंनी चिठ्ठ्यांवरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.

“ही झाली तेव्हापासून भीती होती. मग तुमच्याकडे आली, श्लोक म्हणायला लागली. मला वाटलं, सुटली पोरगी. हिला माझं नाही लागलं. मग शाळेतून बोलावणं आलं आणि मी तुम्हाला विचारलं.” त्याने मान वर केली. “तुम्ही आळस म्हणालात न, तेव्हा मी घरी जाईपर्यंत स्कूटरवर रडून राहिलो होतो, आनंदाने. आळस असला तर मारून जाते. हे मारून जात नाही.”

“हे माहीत होतं, मग काहून मारलं?”

गौरांगने एक चिठ्ठी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. “आळसच निघावा म्हणून,” तो म्हणाला.

यशश्री काकूंच्या मागून बाहेर आली. “पापा, तुम्हाला पण नाही येत?” तिने विचारलं. गौरांगने मान हलवली. ती त्याच्या शेजारी बसली, जरा अंतर ठेवून. ते अंतर एका दिवसात जाणार नव्हतं, आणि गौरांगलाही ते कळत होतं, कारण त्याने हात पुढे केला नाही. होस्टेलचा फॉर्म परत करतो, एवढंच तो काकूंना म्हणाला.

शनिवारी काकू त्या दोघांना घेऊन अंजनी मॅडमकडे गेल्या. अंजनी मॅडम वाचायला अडणाऱ्या मुलांना शिकवायच्या. त्यांनी दीड तास यशश्रीला तपासलं, न रागावता, न घाई करता. वाचण्यातली ही अडचण असते, पुष्कळ मुलांना असते, बुद्धीचा त्यात काही दोष नाही, आणि वेळ लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग त्या काकूंकडे वळल्या. पाठांतर थांबवू नका, म्हणाल्या. या मुलीचा कान तयार आहे, धीर आहे, लक्ष आहे, हे सगळं कामाला येईल. पाठ असलेला श्लोक मोठ्या अक्षरात समोर ठेवून शब्दाशब्दाखाली बोट नेऊ द्या. आवाज तिला माहीत आहे, फक्त त्याची आकृती दाखवायची आहे. काकूंनी हे वहीत लिहून घेतलं. बापाने ते लिहिताना पाहिलं आणि त्यानेही, बोट ठेवून, काय लिहिलं ते हळूहळू वाचलं.

रविवारी चार वाजता, जेव्हा त्या मंचावर असणार होत्या, तेव्हा काकू घरी टेबलाशी बसल्या होत्या. समोर वर्गाची हजेरी होती, अकरा वर्षांची, एकशेत्रेचाळीस नावं. कारखान्यात एक नग नापास निघाला की तेवढाच बाजूला काढून भागायचं नाही, शिक्का मारलेला अख्खा लॉट पुन्हा उघडायचा, असा नियम होता. नावांवरून त्यांचं बोट उतरत गेलं. यशश्रीच्या बापाला म्हणालो तसं आपण आणखी कुणाला म्हणालो होतो? एका नावापाशी बोट थांबलं. बंटी. सहा वर्षांपूर्वीचा. पाठांतरात सगळ्यांच्या पुढे, आणि शाळेतून रोज तक्रार. त्याची आई नेहा एकदा रडत आली होती. काकूंनी तिला काय सांगितलं होतं ते त्यांना शब्दशः आठवलं. आठवण्यात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या.

नंबर जुनाच होता, लागला.

“नेहा, मी विनताकाकू बोलते, गोरखपूरहून. बंटी कितवीत आहे ग आता?”

“शाळा सोडून दोन वर्षं झाली, काकू. गॅरेजमध्ये जातो.” मग ती कसनुसं हसली. “तुम्ही बरोबर म्हणाल्या होत्या. आळशीच निघाला. किती मारलं आम्ही त्याला, पण काही फरक नाही पडला.”

काकूंनी तोंड उघडलं, पण नेहाचं अजून संपलं नव्हतं.

“श्लोक मात्र म्हणते हो अजून. गाडीखाली पडल्या पडल्या म्हणते. तुम्ही शिकवलेले सगळेच्या सगळे येतात त्याला.”